पाय दिसले पाहिजेत

माझ्या भाच्याचं लग्न मी इंग्लंडात जाऊन सिनेमाच्या कॅमेऱ्यानं टिपलं, हे आमच्या घरात आज कुणालाच खरं वाटत नाही. मिक्सरचं झाकण उलटं लावणारी बाई आणि सिनेमा? नातवंडं हसतात. हसा म्हणावं. सहा मिनिटांचा का होईना, पण केला.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. माझी थोरली बहीण नागपुरात महाल भागात राहायची, मी सक्करदऱ्याला. भाऊजी लवकर गेले होते. ताईला एकुलता एक मुलगा, तो इंजिनियर होऊन इंग्लंडच्या एका कारखान्यात लागला होता. घरात ताई आणि तिच्या नव्वदीच्या सासूबाई. सासूबाई ताईशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नसत. मी एकदा प्रयत्न केला तर त्यांनी माझं बोट चावलं.

एके दुपारी ताईनं मला बोलावून घेतलं. पाहते तर पलंगावर पोराचे फोटो पत्त्यांसारखे मांडून ठेवलेले. सतरा फोटो. वर्षभरात आलेले.

"बस," ताई म्हणाली. "आता मले सांग, यात काय नाही?"

मी चष्मा लावून पाहिलं. "सगळंच आहे, ताई. पोरगा आहे, कोट आहे, कार आहे..."

"कारचे चाकं दिसून राहिले ना?"

"हो."

"मंग याचे पाय कुठं आहे?"

मी पुन्हा पाहिलं. एका फोटोत तो कारच्या मागे उभा. एकात टेबलाच्या मागे. एकात खुर्चीत, मांडीवर जाड चादर. एकात झुडपाच्या आड. सतरा फोटोंत मिळून एक पाय नव्हता.

आदल्या थंडीत त्याचं पत्र आलं होतं की बर्फावरून घसरलो, पाय जरा मुरगळला, काळजी नसावी. 'काळजी नसावी' वाचलं की आमची ताई त्याच दिवसापासून काळजीला लागायची. तेव्हापासून हिनं फोटो मागावेत आणि त्यानं कमरेपासून वरचा मुलगा पाठवावा, असं चाललं होतं.

"काहून लपवून राहिला असन वं?" ताई म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

त्याच महिन्यात त्याच्या लग्नाचं ठरलं. मुलगी अमरावतीकडची, इंग्लंडातच एका दवाखान्यात नर्स. दोघांना एकदम लांब सुट्टी मिळत नाही, म्हणून लग्न तिकडेच. आईला घेऊन जायची सोय त्यानं केली होती, पण सासूबाईंना सोडून ताई जाणार कशी? मग माझं ठरलं. घर, मिस्टर आणि मुलं अकरा दिवस जावेच्या हवाली केली.

निघताना ताईनं माझा हात धरला. भाच्यानं पत्रात लिहिलं होतं की त्याच्या कारखान्यातल्या एका मित्राकडे सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा आहे. तेवढं तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं.

"फोटो नको आणू," ती म्हणाली. "फोटोत सगळेच धड दिसते. मले तो चालताना पाहाचा आहे. मंडप, जेवण, नवरीचा शालू, काही नाही आलं तरी चालन. पाय दिसले पाहिजे."

"दिसतील," मी म्हटलं. मला काय माहीत, त्यासाठी केवढी यातायात होणार आहे ते.

विमानतळावर भाचा घ्यायला आला तो कठड्याला टेकून उभा. मी म्हटलं, ये की पुढे. तो आला. चार पावलं आला आणि मला सगळं कळलं. उजवा पाय टाकला की सगळं अंग त्या बाजूला कलायचं. त्या पायातल्या बुटाचा तळ दुसऱ्यापेक्षा चांगला अंगठाभर जाड होता.

"मावशी," गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आईले सांगू नको."

"मी कशाला सांगू? मी तर दाखवणार आहे."

त्यानं गाडीच बाजूला घेतली. मग सांगितलं. पाय मुरगळला नव्हता, दोन ठिकाणी मोडला होता. आत सळई घातली, जुळला, पण आखूड झाला. काम नीट चाललंय, दुखत नाही, दुसरं काही नाही.

"मग लपवतोस कशाला?"

"मी निघालो तेव्हा नागपूर स्टेशनवर आई खिडकीशी उभी होती. गाडी हलली तेव्हा ती एकच वाक्य बोलली. जसा जाऊन राहिला तसाच परत ये, म्हणाली." मग म्हणाला, "आता तसा कुठं राहिलो मी?"

मी पिशवीतून कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा डबा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. दोघांनी चार-चार वड्या खाल्ल्या.

"कमरेच्या वर घे," खाता खाता तो म्हणाला. "पाहिजे तेवढं घे."

"कमरेच्या वरचे सतरा नग आहेत तिच्याकडे. मी शब्द दिलाय. पाय घेणार. तुला लपायचं असेल तर तू लप, मी शोधीन."

"बरं," तो म्हणाला, आणि आमचं तिथेच युद्ध लागलं.

मित्रानं शनिवारी संध्याकाळी कॅमेरा आणून दिला. पिस्तुलासारखी मूठ, मुठीला खटका. खटका दाबला की आत घुर्रर्र, सोडला की बंद. रिळं दोनच, एकेक तीन मिनिटांचं. आणखी आणायची म्हटलं तर दुकानं बंद झालेली, आणि लग्न रविवारी सकाळी. मित्राला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. त्यानं कानाला हात लावून मान हलवली. मला वाटलं, कानाजवळ धरू नका म्हणतोय. आवाज येत नाही, असं तो सांगत होता हे मला महिन्यानं कळलं. तोवर मी प्रत्येक दृश्याच्या वेळी मोठ्यानं बोलून ठेवलं होतं, हे नवरीचे भाऊ, ह्या वहिनी, भात जरा फडफडीत झालाय.

लग्न एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. दहा ते एक. एकला तिथे म्हाताऱ्या माणसांचा चहा आणि नाच होता, त्यामुळे एकच्या ठोक्याला आम्ही बाहेर. हॉलची व्यवस्था पाहणारी एक उंच गोरी बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं आल्या आल्या सांगितलं, लाकडी जमीन आहे, जाळ पेटवायचा नाही आणि पाणी सांडायचं नाही. मग होमाच्या जागी ताटात निरांजन आलं. नवरदेवाचे पाय धुवायला नवरीच्या वहिनींनी आपल्या तान्ह्या मुलीचा आंघोळीचा निळा टब आणला. भटजी म्हणजे एरवी औषधांच्या दुकानात कामाला असलेले एक गृहस्थ. पोथी आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवून बसलेले.

मी दाराशी तयारीत उभी. माझा बेत पक्का होता. नवरदेव दारातून चालत आत येणार, तेव्हाच घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. गोड जेवणाआधी कडू औषध घेऊन टाकतात तसं.

तो दारात आला. मी खटका दाबला. घुर्रर्र सुरू झालं. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हलू नका!"

तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, उभ्या जन्मात मी कॅमेऱ्यासमोर चारदा उभी राहिलेली. चारही वेळा सीताबर्डीवरच्या स्टुडिओत, काळ्या कापडात डोकं घातलेला माणूस ओरडायचा ते एकच वाक्य. कॅमेरा म्हटला की 'हलू नका', हे माझ्या हाडांत बसलेलं. माझ्याच काय, त्या हॉलमधल्या सगळ्यांच्याच. नवरदेव जागच्या जागी खांब. मागचे वऱ्हाडी खांब. एक बाई शिंकणार होती, ती शिंक धरून उभी राहिली.

भाच्याला तर हेच हवं होतं. खटका सोडल्यावर जवळून जाताना पुटपुटला, "मावशी, तू म्हटलं तसा हललो नाही बरं."

पुढे तेच. मी कॅमेरा उचलावा आणि जो जिथे आहे तिथे त्यानं गोठावं. वाढणाऱ्या बायकांचे पळी धरलेले हात वरच्या वर. भटजींचं तोंड मंत्राच्या मध्यात उघडं. नवरीच्या भावानं नवरदेवाच्या पायांवर पाणी ओतायला तांब्या कलता केला तेवढ्यात मी समोर आले, तर तो तसाच कलता तांब्या धरून माझ्याकडे पाहून हसत राहिला. पाणी आपलं धो धो टबात. नवरदेवाचे पाय टबाच्या काठाआड, ते वेगळंच.

हे सगळं ती किल्ल्यांवाली बाई बघत होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मूव्ह."

हा शब्द मला येत होता. आदल्याच दिवशी दुकानात मी वाटेत उभी असताना एकीनं म्हटला होता. मी बाजूला सरकले.

"मूव्ह, मूव्ह!" ती पुन्हा म्हणाली, हात हलवत.

मी आणखी सरकले. ती माझ्या मागे आली. मी सरकत सरकत भिंतीला लागले, तरी तिचं समाधान होईना. मनात म्हटलं, एवढा मोठा हॉल, हिला नेमकी मी उभी आहे तीच जागा का पाहिजे? शेवटी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चढले. तेव्हा वहिनी धावत आल्या.

"मावशी, खाली उतरा! ती तुम्हाला नाही म्हणत. लोकांना हलायला सांगा म्हणते. हा हलत्या चित्रांचा कॅमेरा आहे, उभ्या फोटोचा नाही."

मी खुर्चीवरून खाली पाहिलं. घुर्रर्र थांबलं होतं. पहिलं रीळ संपलं होतं.

ताईचा चेहरा दिसला. सातासमुद्रापलीकडे येऊन मी तिला अठरावा फोटो घेऊन जाणार होते, तोही हलणाऱ्या कॅमेऱ्यानं काढलेला.

साडेबारा वाजले होते. उरली होती सप्तपदी. भटजींनी घड्याळाकडे पाहत तांदळाच्या सात राशी घाईघाईनं मांडल्या. नवरदेव पुढे, नवरी मागे, शेल्याला गाठ. आणि पायात बूट नाही, मोजा नाही, अनवाणी. जाड तळाची सोयसुद्धा नाही.

मी दुसरं रीळ घातलं आणि सरळ जमिनीवर बसले. नऊवारी आवरून, सातव्या राशीच्या समोर, मांडी घालून. कॅमेरा पायांच्या उंचीवर. म्हटलं, आता मी हलत नाही. हलायचं ते तुम्ही हला.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्या राशीवर त्यानं मान वर केली आणि मला पाहिलं. थांबला. तो थांबला म्हणून भटजी थांबले. भटजी थांबले म्हणून सगळा हॉल थांबला, आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करून हसायला सुरुवात केली. कॅमेरा माझ्या हातात घुरघुरत होता. तीन मिनिटांतला एकेक दाणा सांडत होता.

तो माझ्याकडे पाहत होता. लहानपणी दप्तर हरवून आला की दारात असाच उभा राहायचा. क्षणभर वाटलं, सोडून द्यावा खटका. खरंच वाटलं. माझं बोट ढिलंही झालं असेल.

तेवढ्यात मागून नवरी म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जशी रोज म्हणत असेल तशी, "चला न. टाच आधी टेकवा."

मला तेव्हा उमगलं, की याला पुन्हा चालायला शिकवणारी हीच. लग्न तरी कुठे जुळलं असेल ते सांगायला नको.

त्यानं ओठ दाबले, टाच आधी टेकवली आणि उरलेली चार पावलं चालला. झुकत, सावरत, झुकत, सावरत. सातव्या राशीवर तो इतका जवळ आला, की त्याचा अंगठा आणि चार तांदूळ एवढंच मला भिंगातून दिसत होतं.

रिळं तिथल्या तिथे धुऊन मिळत नव्हती. पोस्टानं कुठेतरी पाठवावी लागत, आणि मला तर परतायचं होतं. मी रिकाम्या हातांनी नागपूरला आले. ताईनं विचारलं, मी म्हटलं, "घेतलंय. काय आलंय ते देव जाणे." भाच्याची गोष्ट मी तिला सांगितली नाही. दाखवणार म्हटलं होतं ना, मग सांगायचं कशाला?

रिळं आली भर मे महिन्यात. ती दाखवायचं यंत्र आख्ख्या नागपुरात आम्हाला सापडलं ते धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे. दुपारी दवाखाना बंद झाला, की बाहेरच्या खोलीत बसा म्हणाले. उजेड नको म्हणून खिडक्यांवर गाद्या लावल्या. यंत्र आणि कूलर एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून कूलर बंद. अंगाची नुसती आंघोळ. ताई पहिल्या बाकावर, तिच्या आजूबाजूला गल्लीतल्या पाच-सहा बाया.

पहिलं रीळ सुरू झालं. पांढऱ्या चादरीवर माझा भाचा दारात उभा. उभाच. मग हसणारे वऱ्हाडी उभे. मग पळ्या उंचावलेल्या बायका.

"हे तं फोटोच आहे," एक म्हणाली.

"थंडीनं गोठून गेले का वं सारे?"

मग तो तांब्या आला. सगळी माणसं पुतळे, आणि मधोमध एकटं पाणी धो धो वाहतंय. "अवं, पाणी तं हलून राहिलं!" कुणीतरी ओरडलं आणि त्या भट्टीसारख्या खोलीत बाया पोट धरधरून हसल्या. डॉक्टर हसले. मीही हसले. एकटी ताई हसत नव्हती. ती पुढे वाकून चादरीच्या खालच्या कडेकडे पाहत होती.

दुसरं रीळ. तांदळाच्या राशी. आणि पाय.

दोन पावलं, तिसरं, मग थांबणं. मग मागे नवरीचे ओठ हलले आणि ती चार पावलं. ताई उठली आणि चादरीपाशी जाऊन उभी राहिली. तिची सावली नेमकी पायांवर पडली.

"डॉक्टर, थांबवा न हे."

"थांबवलं तर फिल्म जळेल, बाई."

"मंग पुन्हा लावा."

चार वेळा लावलं. चौथ्यांदा ती बाजूला खाली बसून पाहत होती, मी त्या हॉलमध्ये बसले होते तशीच. संपल्यावर तिनं पदरानं चेहरा पुसला. घाम होता की काय ते मी पाहिलं नाही.

"ती काय म्हणून राहिली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, सळई, जाड तळ, सगळं. आणि स्टेशनवरचं ते वाक्यही सांगितलं, जसा जाऊन राहिला तसाच परत ये.

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते वाक्य बनवलंय.

"मी म्हटलं?"

"तू म्हटलंस. गाडी हलली तेव्हा."

"अवं, मी डब्याचं म्हटलं होतं! लाडवाचा डबा दिला होता न सोबत, सासूबाईचा, पितळी. जसा नेऊन राहिला तसाच परत आण, म्हटलं. स्टेशनात एवढा गोंगाट, याले काय ऐकू गेलं!"

बाया पुन्हा हसल्या. पण मी ताईला लहानपणापासून ओळखते. ती खरंच डब्याबद्दल बोलली होती, की त्या गाद्या लावलेल्या खोलीत बसल्या बसल्या तिनं तो डबा काढला, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. संध्याकाळी तिनं मला कागद-पेन घेऊन बसवलं.

"सुनेले लिही. त्याले नाही."

"काय लिहू?"

"लिही की डबा हरवला असन तरी काही हरकत नाही. आणि त्याचे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवून पाठव. किती आखूड आहे ते मापून लिही, बरोबर लिही, अंदाजे नको. घरात बिना बुटाचा फिरत असन तर कंबर दुखत असन त्याची. तो सांगणार नाही."

पावसाळ्यात उत्तर आलं. आत घडी घातलेला मोठा कागद, त्यावर निळ्या पेन्सिलीनं काढलेली दोन पावलं, उजव्याखाली माप. ताई तो कागद घेऊन महालातल्या तिच्या नेहमीच्या चपलावाल्याकडे गेली, मला सोबत घेऊन. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, माप पाहिलं, डोकं खाजवलं.

"बाई, हे काहीतरी चुकलं. एक जाड, एक पातळ सांगून राहिले तुम्ही. दोन्ही सारख्या करून देतो न."

"सारख्या पाहिजे असत्या," ताई म्हणाली, "तर तुह्याकडे काहून आली असती मी? दुकानात टांगलेल्याच नसत्या घेतल्या?" आणि स्टूल ओढून, पहिली चप्पल तयार होईपर्यंत तिथेच बसली.